वाऱ्याच्या नावांचे शास्त्रीबुवा

वाऱ्याला किती नावं आहेत हे मला ज्या माणसानं शिकवलं, त्याच्या घरात वाऱ्याला शिरायला सुईच्या नेढ्याएवढीही जागा नव्हती. मी चेष्टा करत नाही. त्या घराच्या सगळ्या खिडक्या चिंध्या कोंबून, वरून शेणमाती लिंपून बंद केलेल्या होत्या. दाराच्या फटींत काथ्या ठोसलेला. भर दुपारी आत समई लावावी लागे, आणि तिची ज्योत इतकी सरळ उभी असायची की वाटावं, हिलाही शास्त्रीबुवांनी दम भरून ठेवलाय.

आम्ही तळोद्याला गेलो तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. यजमान जंगलखात्यात कारकून, त्यांची बदली झाली. तेव्हा त्या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत. मी कोकणातली. माहेरी मागल्या पडवीत उभं राहिलं की समुद्राचा वारा पदर ओढायचा. नंदुरबारला आगगाडीतून उतरून, बैलगाडीनं तापी ओलांडून तळोद्यात पोचलो तो चैत्र महिना. मातीच्या धाब्याचं घर, वर तापलेलं आभाळ, उत्तरेला सातपुड्याची रांग. पहिल्याच दुपारी दारं-खिडक्या सताड उघडून मी ओटीवर पदरानं वारा घेत बसले होते, तर शेजारच्या दारातून एक उंच, वाळकुडे गृहस्थ बाहेर आले. डोक्याला कानटोपी, तिच्यावरून उपरण्याचे दोन वेढे. चैत्रातल्या उन्हात! मला आधी वाटलं, दाढ दुखत असेल.

“खिडक्या लावून घे, मुली,” ते म्हणाले. “घामेजल्या अंगावर वारा घेऊ नये.”

“वारा आहे कुठे? साधी झुळूकसुद्धा नाही,” मी म्हटलं.

ते चालता चालता थांबले. उपरणं एका कानावरून जरासं सरकवलं. “झुळूक म्हणालीस? छान शब्द आहे. संस्कृतात शोधायला जाशील तर सापडायचा नाही. पाणी झुळझुळतं ना, त्याच कुळातला तो. पंडितांनी नव्हे, घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी केलेला असणार.” मग भिंतीच्या सावलीत उभं राहून त्यांनी मला अनिल सांगितला. मूळ धातू अन्, म्हणजे श्वास घेणं. प्राण शब्दात जो अन् आहे तोच हा. म्हणजे बाहेर फिरतो तो अनिल, आत फिरतो तो प्राण, आणि दोघे सख्खे भाऊ. समीर म्हणजे हलवणारा, जागचं काही जागी राहू न देणारा. गंधवह म्हणजे फुलाचा वास दुसऱ्याच्या दारात नेऊन पोचवणारा. ते बोलत होते आणि मी आ वासून ऐकत होते. तेवढ्यात माझा भात करपला.

हे आमचे शेजारी बापूशास्त्री. पेशा वैद्यकीचा, पण जीव सगळा शब्दांत, त्यातही वाऱ्याच्या शब्दांत, आणि त्यातही मंद वाऱ्याच्या. वादळं, वावधानं, वावटळी त्यांना आवडत नसत. “ती गुंड माणसं,” असं म्हणत. “आपल्याला बोलायचंय ते सज्जनांबद्दल.” पण ह्या सज्जनांपैकी एकालाही त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “नाव गोड, गुण कडू.” कुठल्याही वाऱ्याचं नाव खुलवून सांगून झालं की शेवटी हे वाक्य यायचंच.

रस्त्यानं ते भिंतीला धरून चालत. बोळाचं तोंड आलं की थबकत, आडवा वारा येत नाही असं बघून लगबगीनं पलीकडे जात. बैल आडवा आला तरी इतके बिचकत नसत. घरात हातपंखाही चालायचा नाही. मी एकदा सहज विचारलं, तर पंख्याला जुन्या मराठीत विंझणा म्हणतात, तो संस्कृतातल्या व्यजनावरून आला, हे त्यांनी मोठ्या प्रेमानं समजावून दिलं, आणि स्वतःच्या कपाळावरून ओघळणारा घाम पंच्यानं टिपत राहिले. मला हसावं की रडावं कळेना.

मी त्यांना कोकणातला एक शब्द दिला. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जो गार वारा सुटतो त्याला आमच्याकडे मतलई म्हणतात. त्यावर होड्या बाहेर पडतात. शास्त्रीबुवा कितीतरी दिवस त्या शब्दामागे लागले होते. सकाळी दार उघडलं की कुशल विचारायच्या आधी म्हणत, “नाही गं मुली, मतलईचं मूळ अजून हाती लागत नाही.” मी म्हटलं, एवढा घोर का लावून घेता? तर म्हणाले, “आईबापाचं नाव माहीत नसलेलं पोर दारात उभं असलं, तर झोप येते का?” त्यांचा स्वभाव असा होता.

ते शब्द कधी लिहून ठेवत नसत. कागदावर उतरवला की शब्द आळशी होतो, असं त्यांचं मत. औषधाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारत, तुमच्याकडे हळू वाहणाऱ्या वाऱ्याला काय म्हणतात? मग नाडी. आठवडे बाजाराला डोंगरातून पावरा लोक उतरत, त्यांतला एक म्हातारा खोकल्यासाठी आला होता. त्याला मराठी येईना, ह्यांना पावरी येईना. खाणाखुणा करून कसाबसा प्रश्न पोचला. म्हातारा हसला, पुढे सरकला, आणि ओठांचा चंबू करून त्यानं शास्त्रीबुवांच्या तोंडावर हलकेच फुंकलं. शास्त्रीबुवा असे मागे उडाले की खलबत्ता कलंडला. म्हातारा बिचारा घाबरला. आत्याबाई, म्हणजे शास्त्रीबुवांची थोरली विधवा बहीण, स्वयंपाकघरातून धावत आल्या. पुढे बरेच दिवस मी त्यांना चिडवत होते, “बुवा, उत्तर मिळालं, पण घेतलं नाहीत!”

खळ्याची गोष्ट मला यजमानांनी सांगितली. ते स्वतः त्या गाडीत होते, म्हणून खरी मानते.

म्हसावदकडचा एक शेतकरी, दगडू पाटील, माघात सकाळीच शास्त्रीबुवांच्या दारात येऊन बसला. आजारीबिजारी कोणी नव्हतं. ज्वारीची मळणी झालेली, उफणायला वारा नव्हता. “बोवा, कितला दिन व्हयनात, वारा पडेल शे,” तो म्हणाला. “खळामा जवारीनी रास तशीच शे. तुमले वाराना समदा नावे येतस म्हने. तुम्ही चाला, नाव लीसन हाक मारा.”

शास्त्रीबुवा म्हणाले, “अरे, नावं माहीत असली म्हणून तो माझा नोकर आहे का?”

“नाव लीसन बलावं तं देव बी येस,” दगडू पाटील म्हणाला. “मंग वारा का नही येई?”

खरं सांगू? शास्त्रीबुवांना मोह झाला. उभ्या जन्मात त्या शब्दांचं कुणाला काम पडलं नव्हतं, आणि इथे एक माणूस गाडी जुंपून न्यायला आला होता. ते निघाले. अंगात बंडी, वर घोंगडी, कानटोपी, उपरणं. यजमानांना त्याच बाजूला काम होतं, तेही बसले. खळ्यावर बायामाणसं हात जोडून उभी. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी पवन. पवन म्हणजे स्वच्छ करणारा. धान्य उफणण्यालाही जुन्या लोकांनी हाच शब्द वापरला, तेव्हा खळ्यावर पहिला मान त्याचा. मग समीर, मग अनिल, मग सदागती, सदा चालत राहणारा. प्रत्येक नावाचा धातू सांगत ते पुढे जात होते. कुणाला काही कळत नव्हतं, पण सगळे माना डोलवत होते. आणि काय योग बघा, समोरच्या बाभळीची पानं हलली.

“उना रे उना!” दगडू पाटील ओरडला. बायांनी पाट्या उचलल्या, एक गडी तिवईवर चढला, भुसा उडायला लागला, आणि सगळे कामाला भिडले. शास्त्रीबुवा कुठे गेले हे कुणी पाहिलंच नाही. ते गाडीखाली होते. घोंगडी डोक्यावरून घेऊन, चाकाला टेकून, गुडघे पोटाशी धरून बसलेले. वारा थांबेना, त्यामुळे त्यांना निघता येईना. दिवस मावळेपर्यंत ते तिथेच अडकून पडले. सगळा भुसा अंगावर. यजमान सांगायचे, “त्या दिवशी राशी दोन झाल्या. एक दाण्यांची आणि एक बुवांची.”

आम्ही हसलो, गावही हसलं. मग एक दिवस आत्याबाईंनी मला त्यामागचं सांगितलं, आणि माझं हसू तिथेच आटलं.

शास्त्रीबुवांची बायको उमा. पहिली मुलगी गोदू, आणि गोदू तीन-चार वर्षांची असताना दुसरं बाळंतपण ह्याच घरात झालं. वैशाख होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोली बंद, आत शेगडी, ओवा-शेपांची धुरी. सगळीकडे असंच करत, आमच्या कोकणातही. उमाबाई पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावून होत्या, खिडकी उघडा. “मी उघडू दिली नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “बापूनंही दिली नाही. तो वैद्य, त्याला कळत होतं. पाचव्या दिवशी मात्र ह्याचं मन पाघळलं. घटकाभर उघडली. ती म्हणाली, बरं वाटलं. दिवेलागणीला गेली. मूलही राहिलं नाही. माझ्या भावानं माया केली, मुली, आणि तिथे घात झाला.”

तेरावा झाला आणि शास्त्रीबुवांनी घरातली एकेक खिडकी स्वतःच्या हातानं लिंपून टाकली. पुन्हा माया करायची वेळ यायला नको म्हणून. वाऱ्यानं त्यांची बायको नेली होती, आणि दार त्यांनीच उघडून दिलं होतं. असं ते धरून बसले होते, आणि असं धरून माणूस इतकी वर्षं कसा जगतो, हा विचार मनात येऊन मला त्यांच्याकडे बघवेना. आत शब्द, बाहेर वारा, आणि मध्ये हा माणूस भिंतीला पाठ लावून उभा. दोन्हीकडून कोंडलेला.

गोदू त्या घरात वाढली. इतर मुली भोंडल्याची गाणी म्हणत तशी ती वाऱ्याची नावं म्हणे. सासर शहाद्याचं. पहिल्यांदा भेटली तेव्हा मला म्हणाली, “वहिनी, माझ्या सासरच्या माजघराला मोठी खिडकी आहे. लग्न ठरलं तेव्हा मी तेवढंच विचारलं होतं.” गव्हाळ रंगाची, खळखळून हसणारी पोरगी. मलय शब्दावरून बापाला छेडायची. मलयानिल म्हणजे मलय डोंगरावरून येणारा, चंदनाच्या वासाचा वारा, असं शास्त्रीबुवा सांगत, आणि पुढे म्हणत की दक्षिणेत डोंगरालाच मलै म्हणतात. गोदू लगेच म्हणे, “म्हणजे मलयपर्वत म्हणजे डोंगरडोंगर! बाबा, तुमचे पंडित झोपेत होते वाटतं?” शास्त्रीबुवा इतके खूश होत की डोळ्यांत पाणी येई. त्यांना हसताना मी पाहिलं ते गोदू आली की.

ती पहिलटकरीण होऊन माहेरी आली ती फाल्गुनात, सातवा लागल्यावर. हसू तसंच होतं, पण एक दिवस आमच्या ओटीवर भाजी निवडताना तिनं माझा हात धरला. “वहिनी, आई त्या खोलीत गेली. मला ती खोली नको. तिथे मला श्वासच येत नाही. बाबांना सांगा.”

मी सांगितलं. शब्द जुळवून, अजिजीनं. माझं घर आहे, इथे करू या बाळंतपण, असंही म्हटलं. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. सोयर दुसऱ्याच्या घरात? लोक काय म्हणतील? शास्त्रीबुवा एवढंच म्हणाले, “मुली, माझ्याकडे आता एवढी एकच उरली आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर ते ओल्या मातीचं घमेलं घेऊन त्या खोलीच्या खिडकीवर नवा थर देत होते. खिडकीला भेगा पडल्या होत्या म्हणे. भीतीनं माणूस क्रूर होतो, पण त्याला स्वतःला ते क्रौर्य दिसत नाही. त्याला ती काळजी वाटते.

वैशाखात गोदूला मुलगा झाला. सुईण भिकूबाई हातगुणाची, सगळं सुखरूप पार पडलं. पाचवी पूजली. तोवर त्या खोलीतली शेगडी विझली नव्हती. मी रोज दुपारी बाळंतिणीचं काहीबाही घेऊन जायची आणि दारातूनच परत फिरायची. आतला धूर डोळ्यांना झोंबायचा. गोदू दिवसेंदिवस मलूल होत चालली होती. भिकूबाई म्हणायची, “बाळतीणले वारा लागू देवाना नही, माय.” आत्याबाई म्हणायच्या, दहा दिवस काढ, मग मोकळी. कुणी वाईट नव्हतं त्यात. म्हणूनच कुणाशी भांडता येत नव्हतं.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलली होती, मी माजघरात होते. शास्त्रीबुवा बाळंतिणीच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेले. पुरुषांनी आत जायचं नाही, म्हणून ते सारा वेळ तसे बसून असत. आतून गोदूचा आवाज आला.

“बाबा, खिडकी उघडा. जीव गुदमरतोय.”

“थोडे दिवस, बाळा.”

“बाबा, वारा द्या मला.”

त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. हेच शब्द त्यांनी आधी एकदा ऐकलेले होते, त्याच दाराआडून. ते उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. “गोदू, ऐक. अनिल. अन् म्हणजे श्वास. माझ्याबरोबर म्हण, म्हणजे बरं वाटेल. समीर. सम् आणि ईर्. हळूच हलवणारा…” जे जवळ होतं ते देत होते बिचारे. तहानेल्या माणसाला पाण्याची नावं सांगावीत तसं. मला संताप आला. मी ओरडले, “बुवा, उघडा ती खिडकी!” त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

“मारुत,” ते म्हणत होते. “मा रुदः, रडू नकोस. इंद्रानं पोटातल्या बाळांना सांगितलं, रडू नका. म्हणून मारुत.” ही व्युत्पत्ती कथेकऱ्यांची, धातूला धरून नाही, असं म्हणून एरवी ते ती हसण्यावारी नेत. आज तीही त्यांना चालली.

“बाबा, नावं नकोत,” गोदू आतून म्हणाली. अगदी हळू. मग तिचा आवाज बंद झाला. बाळ तेवढं रडत राहिलं.

दार आतून उघडलं. भिकूबाई खोकत उंबऱ्यात उभी होती. “शास्त्रीबोवा, पोर बोली नही ऱ्हायनी! डोया फिरावस!”

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. शास्त्रीबुवा उठले आणि सोयरात, धुरात, त्या खोलीत शिरले. खिडकीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ती लिंपलेली, तिला वेळ लागला असता. त्यांनी गोदूला दोन्ही हातांवर उचललं. आत्याबाई “बापू, अरे बापू” करत आडव्या आल्या, त्यांना खांद्यानं बाजूला सारलं, आणि माजघरातून, ओटीवरून, थेट अंगणात. मागून भिकूबाई पोर छातीशी धरून. कानटोपी कुठे पडली, उपरणं कुठे गेलं, त्यांना पत्ता नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांचे कान पहिल्यांदा पाहिले.

सातपुड्याकडून वारा सुटला होता. त्यांनी गोदूला अंगणातल्या आमच्या बाजेवर ठेवलं, आणि मग काय केलं असेल? वाऱ्याच्या बाजूला जाऊन, तिच्यापुढे दोन्ही हात पसरून बसले. भिंत होऊन. अंगणात आणली खरी, पण वारा लागू द्यायला मन तयार होईना. धोतराचा सोगा फडफडत होता, उघड्या पाठीवर तो वारा घेत होते, आणि हुडहुडी भरल्यासारखे कापत होते.

“बोवा, तुम्हीच आडा बसनात!” भिकूबाई कडाडली. तीच भिकूबाई, जी सकाळपर्यंत वारा नको म्हणत होती. “सरका ना तथा! वारा येऊ द्या तिले!”

ते सरकले. एकदम नाही. आधी एक हात खाली घेतला, मग दुसरा. मग बसल्या बसल्या थोडे बाजूला झाले. वारा गोदूच्या तोंडावरून गेला, केस उडाले. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिची छाती भरून आली, तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी रडत होते, आत्याबाई देवाला हात जोडत होत्या. शास्त्रीबुवा मुलीच्या पायाशी बसून नुसते तिच्याकडे पाहत होते.

गोदूनं पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. “ताप येणार,” आत्याबाई म्हणाल्या. सगळ्यांनाच ती धास्ती होती. शास्त्रीबुवा दर थोड्या वेळानं नाडी धरत. ताप आला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पोटभर खाल्लं. बारशाला ती ओटीवर बसून हसत होती. आता माणसानं पेढे वाटावेत की नाही? पण मुलगी जसजशी टवटवीत होत गेली तसतसे शास्त्रीबुवा खचत गेले. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मला ह्याचा अर्थच लागेना. शेवटी मी सरळ विचारलं, “बुवा, पोर वाचली. आता कसलं दुःख करता?”

ते म्हणाले, “ही वाऱ्यानं वाचली, मुली. मग हिची आई वाऱ्यानं कशी गेली?”

मग तेच पुढे म्हणाले,

“मी खिडकी उघडली म्हणून ती गेली, असं धरून मी इतकी वर्षं काढली. ते सोसवलं मला. माया केली आणि चूक झाली, एवढंच होतं ते. आता दिसतंय की मी उशिरा उघडली. पहिल्या दिवसापासून मागत होती ती.”

त्यांचं समाधान करायला मी पुष्कळ बोलले. ते वैद्य होते, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. ऐकून घेतलं त्यांनी.

गोदू सासरी जाण्याआधी पदर खोचून खुरपं घेऊन उभी राहिली आणि घरातली एकेक खिडकी तिनं खरवडून मोकळी केली. चिंध्यांचा ढीग अंगणात जाळला. शास्त्रीबुवांनी अडवलं नाही, उलट गजांना लागलेली माती स्वतः पुसली. मला वाटलं, सुटलं घर. गावातही सगळे तेच म्हणायला लागले.

पुढल्या वर्षी आमची बदली झाली. निघायच्या दिवशी सामान गाडीवर चढत होतं तेवढ्यात मी निरोप घ्यायला गेले. घर ओळखू येत नव्हतं. खोल्याखोल्यांत उजेड, पडवीतून माजघरात वारा खेळत होता. शास्त्रीबुवा कुठे दिसेनात. आत्याबाईंनी बोटानं धान्याच्या खोलीकडे दाखवलं. घराच्या अगदी पोटातली ती खोली, कणग्या ठेवायची. तिला खिडकी कधी नव्हतीच. शास्त्रीबुवांचं अंथरूण तिथे होतं. गोदू सासरी गेली त्या दिवसापासून ते तिथेच निजत-बसत होते.

अंधाराला डोळे सरावले तेव्हा ते दिसले. फार वाळले होते. कानाला काही गुंडाळलेलं नव्हतं. मी पाया पडले. मुलाबाळांनी घर भरू दे, असा आशीर्वाद त्यांनी दिला. मला राहवेना. “बुवा, बाहेर या ना,” मी म्हटलं. “एवढ्या खिडक्यांचं घर सोडून इथे कशाला कोंडून घेता? बाहेर काय सुरेख झुळूक येतेय.”

“येऊ दे. आल्यागेल्यासाठी उघड्याच ठेवल्यात मी,” ते म्हणाले. “बंद नाही करायच्या आता.”

“मग तुम्ही?”

“गोदूच्या आईनं वारा मागितला तेव्हा मी दिला नाही. आता कोणत्या तोंडानं घेऊ?”

बाहेरून यजमानांची हाक आली. गाडी जुंपून झाली होती. मी उठले, उंबऱ्यापाशी आले. तेवढ्यात माजघरातून वाऱ्याचा एक झोत आला आणि त्या खोलीच्या दारातून आत गेला. शास्त्रीबुवा धडपडत उठले, भिंतीला धरून दारापर्यंत आले, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी दार आतून ओढून घेतलं.